विहिरीची नाही, पलंगाची काळजी करा

डहाणू तालुक्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"माझ्या सासूबाईंचं (वय ६१) थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. पूर्ण ग्रंथी काढली. आता पुढच्या महिन्यात मुंबईला नेऊन १०० मिलिक्युरीचा आयोडीनचा डोस द्यायचाय. तीन-चार दिवस वेगळ्या खोलीत ठेवून घरी सोडतील म्हणाले. आमचं घर चिकूच्या वाडीत आहे. शौचालयाच्या टाकीपासून विहीर चाळीस फुटांवर, दारात म्हैस. माझी तीन वर्षांची मुलगी आजीच्याच कुशीत झोपते आणि मला चौथा महिना चालू आहे. दिरांनी मोबाइलवर वाचलं की हे आयोडीन दीड कोटी वर्षं जात नाही, म्हणजे विहीर आणि वाडी कायमची गेली. सासऱ्यांचं म्हणणं, महिनाभर त्यांना वाडीतल्या खोपीत ठेवू. दिरांनी कुठूनतरी आयोडीनच्या गोळ्या आणून ठेवल्यात, तारापूरचं अणुवीज केंद्र जवळ आहे म्हणून. त्या सगळ्यांनी आत्ताच घ्यायच्या का? की मीठ जास्त खाल्लं तरी चालेल? सासूबाई हे सगळं ऐकून रडतात. म्हणतात, म्हातारपणी माझा विटाळ मानायला लागलात."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचं उत्तर मी खुशीने देतोय, कारण नोकरीची बरीच वर्षं मी हातात किरणोत्सार मोजायचं सर्व्हे मीटर घेऊन अशाच खोल्यांच्या दारात उभा राहिलोय. आधी थोडक्यात सांगतो. खोपीत ठेवू नका. विहिरीला आयोडीनचा धोका नाही. गोळ्यांना हात लावू नका, आणि सासूबाईंच्या तर आसपासही नेऊ नका. खरी काळजी दोनच जिवांची, तुमच्या मुलीची आणि तुमच्या पोटातल्या बाळाची. तीही मोजक्या दिवसांची.

आता दिरांचा मुद्दा, कारण घरातली सगळी घबराट तिथून सुरू झालीय. त्यांनी वाचलं ते खोटं नाही, पण ते दुसऱ्याच आयोडीनबद्दल आहे. आयोडीन एकच मूलद्रव्य, पण त्याचे अणू वेगवेगळ्या वजनाचे असतात. मिठातलं, सुकटीतलं, समुद्राच्या पाण्यातलं ते आयोडीन-१२७, पूर्ण स्थिर. सासूबाईंना देणार ते आयोडीन-१३१, किरणोत्सारी (मिलिक्युरी हे त्या किरणोत्साराचंच माप). त्याचं अर्धं प्रमाण आठ दिवसांत संपतं, उरलेल्याचं अर्धं पुढच्या आठ दिवसांत. असं दहा वेळा झालं, म्हणजे ८० दिवस गेले, की हजारातला एक भाग उरतो. आणि संपतं म्हणजे कुठे दडून बसत नाही. त्याचा झेनॉन होतो, कुणाशी देणंघेणं नसलेला एक वायू. दीड कोटी वर्षंवालं आयोडीन-१२९ आहे. त्याचं अर्धायुष्य १ कोटी ५७ लाख वर्षं.

इथे एक गंमत लोकांच्या लक्षात येत नाही. जो अणू कोट्यवधी वर्षं टिकतो तो किरण टाकण्यात तितकाच आळशी असतो. तेवढेच अणू समोरासमोर ठेवले तर १३१ हा १२९ पेक्षा सुमारे ७० कोटी पट वेगाने फुटतो. त्यामुळे ‘जास्त टिकतं म्हणजे जास्त घातक’ हे समीकरण दिरांनी सोडून द्यावं. १२९ ची चिंता करणारेही लोक आहेत, पण ते वेगळ्या कारणाने. अमेरिकेत हॅनफर्ड इथे बॉम्बसाठी प्लुटोनियम काढताना जमिनीत सोडलेल्या सांडपाण्यातलं १२९ आजही तिथल्या भूजलात सापडतं. ते पाण्याबरोबर सरकतं आणि संपायचं नाव घेत नाही. उलट इंग्लंडमधल्या सेलाफील्ड आणि फ्रान्समधल्या ला हाग इथल्या अणुइंधन-प्रक्रिया कारखान्यांतून समुद्रात गेलेलं हेच १२९ समुद्रशास्त्रज्ञांना आयतं हाती लागलंय. नॉर्वेच्या किनाऱ्याने आर्क्टिककडे जाणारा प्रवाह कुठे वळतो, किती वर्षांनी पोचतो, हे ते त्याच्या मागावर राहून काढतात. विहिरीत रंग टाकून झरा कुठून येतो ते बघतात ना, तसंच.

आणि हे १३१ आलं कुठून? १९३६ च्या नोव्हेंबरात बोस्टनला एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांचं डॉक्टरांसमोर भाषण झालं. भाषणानंतर सॉल हर्ट्झ या तरुण डॉक्टरने विचारलं, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? त्याला ठाऊक होतं की शरीरात थायरॉइड ही आयोडीन ओढून घेणारी ग्रंथी आहे. १९३८ मध्ये बर्कलेला लिव्हिंगूड आणि सीबोर्ग यांनी १३१ शोधलं, १९४१ मध्ये हर्ट्झने पहिल्या थायरॉइड-रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन पाजलं. पुढे सीबोर्ग यांच्या स्वतःच्या आईलाही थायरॉइडच्या आजारावर हेच दिलं गेलं. सासूबाईंना हे जरूर सांगा. आपल्याकडे टेल्युरियमचं संयुग ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवून हे आयोडीन तयार करतात. म्हणजे औषध तुमच्यापासून फार तर सव्वाशे किलोमीटरवर जन्माला येतं.

थायरॉइडच्या पेशीला १२७ कोणतं आणि १३१ कोणतं हे कळत नाही. आयोडीन दिसलं की ओढलं. सगळा उपचार या एका आंधळेपणावर उभा आहे. ऑपरेशननंतर कुठे चुकून राहिलेल्या पेशी आयोडीन समजून १३१ आत घेतात आणि त्याचे बीटा किरण त्यांना जागच्या जागी मारतात. ते किरण शरीरात फार तर दोनेक मिलिमीटर जातात. पण १३१ बरोबर गॅमा किरणही टाकतं आणि ते शरीराबाहेर येतात. बाहेरच्या कॅमेऱ्याला त्यांच्यामुळे स्कॅन काढता येतो, आणि पलंगाची काळजी करा म्हणतो तीही त्यांच्यामुळेच.

हा आंधळेपणा पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तुमच्या स्वयंपाकघरात येणार आहे, म्हणून हा भाग नीट वाचा. डोसच्या वेळी उरलेल्या पेशी आयोडीनला भुकेल्या असाव्या लागतात. म्हणून आधी तीन-चार आठवडे थायरॉइडची (हार्मोनची) गोळी बंद करतात आणि आठवडा-दोन आठवडे कमी आयोडीनचं जेवण देतात. आयोडीनयुक्त मीठ बंद. बोंबील, सुकट, जवळा, कुठलीही मासळी बंद. अंड्याचा बलक, बेकरीचे पदार्थ, विकतचं फरसाण, पापड, लोणचं बंद. दूध-दही बंद किंवा अगदी नावापुरतं, त्यामुळे कोरा चहा. जखमेला लावायचं तपकिरी आयोडीनचं औषधही नको, कातडीतून तेही आत जातं. मध्ये कुणी सीटी स्कॅन सुचवला तर डोसचं आधी सांगा, कारण शिरेतून देतात त्या औषधात आयोडीन भरपूर असतं. मीठ घालायचंच तर पुडक्यावर ‘आयोडीनयुक्त’ छापलेलं नाही ना, ते वाचा आणि डॉक्टरांना पुडकंच नेऊन दाखवा. सैंधव म्हटलं की बिनआयोडीनचंच, असं धरून चालू नका.

आता कळलं का, दिरांच्या गोळ्यांना हात लावू नका असं का म्हटलं? सासूबाईंनी डोसच्या आधी एक गोळी घेतली तरी त्या पेशींचं पोट साध्या आयोडीनने भरेल आणि १०० मिलिक्युरी लघवीवाटे निघून जातील. एवढं ऑपरेशन, मुंबईच्या एवढ्या खेपा, सगळं फुकट. काळजीपोटी दिलेल्या गोळीने हे होऊ शकतं, म्हणून पाकीट आजच उचलून ठेवा.

मात्र उलटी चूकही करू नका. अनेक घरांत सोय म्हणून सगळेच अळणी खायला लागतात. तुम्ही ते अजिबात करायचं नाही. पोटातल्या बाळाला आयोडीन तुमच्याकडूनच मिळतं आणि गरोदरपणात त्याची गरज वाढते. दिवसाला २५० मायक्रोग्रॅम, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. तेव्हा ओट्यावर दोन बरण्या ठेवा, ठळक चिठ्ठ्या लावून. सासूबाईंची भाजी आधी काढा, मग तुमच्या बरणीतलं मीठ घाला.

मीठ जास्त खाल्लं तर चालेल का, या प्रश्नाचा हिशोब करून बघू. आपल्याकडे ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावं लागतं. अणु-अपघाताच्या वेळी मोठ्या माणसाला जी गोळी देतात तिच्यात आयोडीन असतं १०० मिलिग्रॅम. तेवढं मिठातून मिळवायचं तर एका बैठकीला साडेसहा किलोंच्या वर मीठ खावं लागेल. थायरॉइड वाचवता वाचवता माणूस जाईल! घरातलं मीठ गलगंड टाळायला असतं. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात ते आयोडीनयुक्त मीठ देऊन दाखवून दिलं. पावसाने, हिमनद्यांनी डोंगरातल्या मातीचं आयोडीन धुऊन नेलेलं असतं. तुमच्यासारख्या समुद्राकाठच्या माणसांना त्याची तितकी जाणीव नसते.

आणि तारापूरसाठी गोळ्या? त्या गोळीचा उपयोग खरोखरच अपघात होऊन किरणोत्सारी आयोडीन हवेत आलं तर, आणि प्रशासनाने घ्या म्हटल्यावर तेव्हाच. आधी थोडा वेळ किंवा नंतर काही तासांत. आज घेतलेली गोळी पुढच्या वर्षीच्या अपघाताला कामाची नाही. ती फक्त थायरॉइड वाचवते, सीझियम वगैरे इतर किरणोत्सारी पदार्थांपासून काहीच नाही. सासूबाईंना तर आता थायरॉइडच नाही, वाचवायचं काय?

विहीर आणि म्हैस यांच्याबद्दल तुमच्या मनात जी भीती आहे तिचं मूळ चेर्नोबिलमध्ये आहे. एप्रिल १९८६ मध्ये तिथली अणुभट्टी फुटली तेव्हा १३१ वाफेसारखं हवेत गेलं, पावसाबरोबर गवतावर उतरलं. गाय दिवसभर केवढ्या तरी जागेवर चरते, म्हणजे तेवढ्या शिवारावरचं आयोडीन ती एका कासेत गोळा करते. दूध मुलांनी प्यायलं. मुलाची थायरॉइड इवलीशी, त्यामुळे तेवढ्याच आयोडीनचा तिथे कितीतरी जास्त मारा बसतो. त्या वेळी लहान असलेल्यांत २००५ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचे सहा हजारांहून अधिक रुग्ण बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत नोंदले गेले. त्यातल्या बऱ्याच जणांचं कारण ते पहिल्या काही आठवड्यांतलं दूध होतं. शेजारच्या पोलंडने एक कोटीच्या वर मुलांना आयोडीनचं द्रावण पाजलं. त्याआधी १९५७ मध्ये इंग्लंडला विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटरवरच्या गोठ्यांतलं दूध ओतून दिलं होतं. मला यातली हळहळ वाटते ती अशी की आठ दिवसांच्या आयोडीनवर साधा उपाय वेळ आहे. त्याच दुधाचं चीज करून दोन-तीन महिने ठेवून दिलं की त्यातलं १३१ संपतं.

तुमच्या घरात यातलं काहीच होणार नाही. सासूबाई गवतावर पाऊस पाडणार नाहीत! म्हशीला आयोडीन जायला रस्ताच नाही. पेंढा घालायचं, धार काढायचं काम ते दिवस दुसऱ्याने करावं एवढंच. त्यांची थायरॉइड काढलेली असल्याने डोसचा मोठा भाग पहिल्या दोन दिवसांतच लघवीतून निघून जातो, आणि तो रुग्णालयातच. त्या खोलीचं शौचालय गावच्या गटाराला जोडलेलं नसतं. खाली वेगळ्या टाक्या असतात. एक भरत असते तेव्हा दुसरी बंद करून नुसती ठेवलेली असते, आतलं आयोडीन विरेपर्यंत. आम्ही तिला ‘डिले टँक’ म्हणायचो. नंतर मोजून मगच सोडायची.

खोलीतही मोजणंच चालतं. आमच्याकडे जमिनीवर पलंगापासून एक मीटरवर पिवळी पट्टी चिकटवलेली होती. रोज सकाळी मी त्या पट्टीवर उभा राहून मीटर धरायचो. पहिल्या दिवशी दारातच मीटर करकरायला लागायचं. तिसऱ्या दिवशी पट्टीवर गेलो तरी आवाज विरळ, आणि रुग्ण पलंगावरून विचारायचा, "आज सोडणार का?" ठरलेल्या पातळीखाली आकडा आल्याशिवाय कुणालाही घरी सोडत नाहीत, तेव्हा त्या घरी येतील त्या मोजून आलेल्या असतील.

उरलेलं थोडं टाकीत जाईल. आयोडीन पाण्याबरोबर सरकणारं आहे हे खरं. वाळूतून ते भराभर निघतं, पण कुजक्या पाल्यापाचोळ्याच्या मातीला चिकटून बसतं. वर आठ दिवसांचं घड्याळ चालू असतंच. घरी आलेल्या रुग्णाने घरचंच शौचालय वापरायचं असतं, झाकण लावून दोनदा पाणी टाकायचं, हात नीट धुवायचे, बस्स. पण चाळीस फुटांवर टाकी असलेल्या विहिरीबद्दल मला वेगळंच सांगायचंय. आयोडीन सोडा, त्या पाण्याची जंतूंसाठी तपासणी कधी केली होती? लहान मूल आणि गरोदर बाई असलेल्या घरात पाणी उकळूनच प्या. ते या डोसआधीही करायला हवं होतं.

आता पलंग. गॅमा किरणांपुढे दोन गोष्टी चालतात, अंतर आणि वेळ. अंतर दुप्पट केलं की मारा साधारण चौथाई होतो. दिवसा ओटीवर सासूबाई एका टोकाला आणि नात दुसऱ्या टोकाला बसून अर्धा तास गोष्ट झाली तर काही बिघडत नाही. पण रात्रभर आठ तास कुशीत, हे मात्र नाही. तीन वर्षांच्या मुलीला आजीने मांडीवर घ्यायचं नाही, शेजारी झोपवायचं नाही. तुम्हीही लांबच राहायचं. चौथ्या महिन्यातल्या बाळाची थायरॉइड आयोडीन ओढायला लागलेली असते. त्यामुळे त्यांचे कपडे, चादरी, टॉवेल, बाथरूम धुणं हे तुमच्याकडे अजिबात नको. यजमानांनी धुवावं, वेगळं, भरपूर पाण्यात. किती दिवस? ते रुग्णागणिक बदलतं. मुलं आणि गरोदर बाया यांच्यासाठी साधारण एक ते तीन आठवडे धरा, पण घरी सोडताना देतील त्या कागदावरची तारीख हीच तुमची. कागदावर नसेल तर मागून घ्या. डोसच्या आधीच, घरी तान्ही-लहान कोण आणि गरोदर कोण, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तुम्ही आणि मुलगी दोघींचा मुंबईला सोबत जायचा बेत असेल तर तो बदला.

खोपीचं म्हणाल तर, सासऱ्यांना माझ्या वतीने सांगा की थायरॉइडची गोळी बंद असलेलं माणूस थकलेलं असतं, थंडी वाजते, चेहरा सुजतो, मन उगाच भरून येतं. सासूबाईंच्या रडण्यात तुमच्या बोलण्याचा वाटा आहे, तसा वाढलेल्या टीएसएचचाही (थायरॉइडला चालना देणाऱ्या हार्मोनचाही) आहे. (तो टीएसएच इतका बारीक मोजता येतो त्याच्या मुळाशीही आयोडीनच. रोझलिन यालो यांनी किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून रक्तातले कणभर हार्मोन मोजायची रीत काढली आणि १९७७ मध्ये नोबेल मिळवलं.) अशा बाईला एकटीला वाडीत ठेवणं मला पटत नाही. घराची टोकाची खोली द्या, दार उघडं ठेवा, खिडकीपाशी खुर्ची.

विटाळाचं उत्तर मात्र तुम्हीच त्यांना द्या, आणि आत्ता, डोसच्या आधी. आज त्यांच्या अंगात काही नाही. नातीला हवं तेवढं कुशीत घेऊ दे. विटाळ मोजायचं यंत्र कुणी काढलेलं नाही, हे मात्र मीटरवर मोजता येतं, दर आठ दिवसांनी अर्ध्यावर येतं आणि त्याची तारीख कॅलेंडरवर लिहिता येते. ती तारीख त्यांच्यासमोर लिहा. नातीलाही सांगून ठेवा, आजी अमुक दिवशी परत कुशीत घेणार. तीन वर्षांची पोरं तारखा विसरत नाहीत.

डोसनंतर भरपूर पाणी पाजा. लाळग्रंथींसाठी लिंबू किंवा आंबट गोळी कधीपासून चघळायची ते तिथे विचारून घ्या. आणि जेवणाचा निर्बंध उठला असं डॉक्टरांनी सांगितलं की दुसरी बरणी ओट्यावरून काढून टाका आणि जवळ्याची चटणी करा. ती त्यांना वाढायचं काम यजमानांचं, तुमचं नाही, तारीख उलटेपर्यंत.